लाल दोऱ्याची बाटली

रायभानमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत हात धूत होतो. फोन टेबलावर वाजत होता, पडद्यावर ‘मुक्ता, पिशोर’ एवढंच दिसत होतं, आणि ओले हात तसेच धरून मी त्या नावाकडं बघत उभा राहिलो. मुक्ता ही मामांची मुलगी. त्या घरातून फोन आला की गेली सोळा वर्षं माझ्या मनात पहिलं हेच येतं... आज विचारणार, आज त्यांना कळलं असणार. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. उचलला तर ती म्हणाली, “काका, बाबा गेले सकाळी. चहा पीत होते. कप खाली ठेवला अन् गेले.” मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. पण फोन ठेवल्यावर छातीतून जो श्वास सुटला तो सुटकेचा होता, हे माझं मलाच कळलं, आणि स्वतःची इतकी भीती मला आजवर कधी वाटली नव्हती. ज्या माणसाबरोबर वीस वर्षं काम केलं, तो गेल्याचं ऐकून आधी सुटल्यासारखं का वाटावं? ते सांगायला महिना गेला. आता सांगतो.

रायभानमामा, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो, आमच्याकडं पाण्याचे नमुने आणायचं काम करायचे. आमची प्रयोगशाळा छोटी, खाजगी, जालना रोडवर एका दुकानाच्या माडीवर होती. शहरातल्या नाल्यांचं सांडपाणी, आणि वसाहतींच्या प्रक्रिया केंद्रातून शुद्ध करून सोडलेलं पाणी, यांत रोगाचे जंतू आहेत का ते आम्ही शोधायचो. शोधायचो मी, आणायचे मामा. हे काम फार लोकांना ठाऊक नसतं. एखाद्या गल्लीत पटकी किंवा टायफॉइड शिरला, तर डॉक्टरकडं पहिला रोगी पोचण्याआधी तो त्या गल्लीच्या नाल्यात उतरलेला असतो. माणूस आपलं दुखणं लपवतो, नाला लपवत नाही. म्हणून हे काम करणाऱ्याला एक विचित्र भीती जडते. रस्त्यानं हसतखेळत जाणारी माणसं दिसतात, आणि त्यांच्या पायाखालून काय वाहतंय ते आपल्याला माहीत असतं.

मामांना मात्र या कशाची भीती नव्हती. मूळचे कन्नडकडच्या पिशोर गावचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. चराई संपत आली तशी मेंढरं विकली आणि बायकोला, मुलीला घेऊन शहरात मुकुंदवाडीला एका खोलीत राहायला आले. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण नमुना घेण्यात त्यांचा हात धरणारा मी दुसरा पाहिला नाही. बाटलीचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करायचं, झाकणाला आतून बोट लागू द्यायचं नाही, वर दोन बोटं जागा रिकामी सोडायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची, आणि मग हात धुवायचे. हात किती वेळ धुवायचे ते मी त्यांना पहिल्या दिवशी घड्याळ लावून शिकवलं होतं. त्यांनी घड्याळ बाजूला ठेवलं आणि स्वतःचं माप काढलं. “वाड्यातून वीस मेंढरं भायेर निघस्तोवर,” ते म्हणायचे, आणि खरंच ओठांत मोजत हात चोळत राहायचे. जंतूंना ते गुरामेंढरांसारखंच जित्राबं म्हणायचे. ज्या उबदार पेटीत आम्ही जंतू वाढायला ठेवतो तिला त्यांनी कोंडवाडा असं नाव दिलं होतं. सकाळी आले की पहिला प्रश्न, “काय सायब, कोंडवाड्यात किती निघाली?” आकडा मोठा असला की मान हलवायचे, जसं काही कुणाचा कळप चांगला फळला आहे.

माझ्या भित्रेपणाची त्यांना गंमत वाटायची. मी दोनदोन हातमोजे घालायचो, बाहेर पाणी प्यायचो नाही, घरी भाजी तीनदा धुवायला लावायचो. एकदा म्हणाले, “सायब, कळपात एक मेंढरू असंच असतंय. सावली हालली की उडी मारतंय. समदे हासत्यात त्याला. पर लांडगा आला का, आदी त्यालाच कळतं.” मी हसलो. मला ते कौतुक वाटलं होतं.

आता त्या बाटलीचं सांगायला हवं. नाल्यातल्या कच्च्या सांडपाण्यासाठी आम्ही साधी बाटली वापरायचो. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी वेगळी. त्या पाण्यात शेवटी क्लोरीन घालतात, जंतू मरावेत म्हणून. बाटली भरल्यावरही ते क्लोरीन आपलं काम थांबवत नाही. नमुना आमच्यापर्यंत यायला दोन-तीन तास लागायचे. तेवढ्या वेळात बाटलीतले जंतू बाटलीतच मरून जायचे, आणि तपासणीत पाणी निर्मळ निघायचं, जरी केंद्रातून बाहेर पडताना ते निर्मळ नसलं तरी. असं होऊ नये म्हणून त्या बाटलीत आधीच एक रसायन चिमूटभर टाकून ठेवायचं असतं. ते क्लोरीनला तिथल्या तिथं संपवतं, आणि पाणी जसं होतं तसं आमच्या हाती येतं. पूर्वी फोटो धुणारे तेच वापरायचे, त्याला हायपो म्हणायचे. मामा त्याला मीठ म्हणायचे. अशा बाटल्यांच्या गळ्याला मी ओळखीसाठी लाल दोरा बांधायचो. बाटली घेताना मामा ती उजेडात धरायचे, बुडाशी वाळलेला पांढरा ठिपका बघायचे, “मीठ हाय” म्हणायचे आणि डब्यात ठेवायचे. दर वेळी. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते मीठ संपलं. मी मागणी वेळेवर केली नव्हती. ही पहिली गोष्ट. मला नुकताच जंतू विभागाचा ताबा मिळाला होता, आधीच्या माणसाला बाजूला करून मला दिलेला, आणि पहिल्याच महिन्यात मालकांना ‘साहेब, विसरलो’ म्हणायला मी घाबरलो. पुरवठादारानं आठवडा सांगितला. मुकुंदवाडीच्या पलीकडं एक मोठी नवी वसाहत झाली होती, तिच्या प्रक्रिया केंद्राचं काम आमच्याकडं आलं होतं, दर सोमवारी नमुना. सोमवार चुकवायचा तर मालकांना कारण सांगावं लागणार. मी रिकाम्या बाटल्या निर्जंतुक केल्या, त्यांच्या गळ्याला लाल दोरे बांधले आणि मामांच्या हातात दिल्या.

मामांनी बाटली उजेडात धरली. फिरवली. पुन्हा धरली.

“सायब, मीठ दिसंना हिच्यात.”

“लागत नाही आता, मामा. नवी पद्धत आलीय.”

“अन् मंग दोरा कशाला बांधला?”

“सवयीनं,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग बाटली डब्यात ठेवली. मला वाटलं, विश्वास बसला. आठवड्याचे दोन झाले, दोनाचे चार. चार सोमवार ती बाटली तशीच गेली आणि चारही वेळा कोंडवाड्यातून काही निघालं नाही. वसाहतीचे लोक खूश, मालक खूश. मी अहवालावर सही करताना मनाशी म्हणायचो, पाणी खरोखर चांगलं असेल, नवं केंद्र आहे, नवी यंत्रं आहेत... माणूस स्वतःला किती सहज गप्प बसवू शकतो, ते मी त्या चार सोमवारी शिकलो.

तिसऱ्या सोमवारनंतर मामा जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसले. वसाहतीच्या केंद्राचं पाणी एका चरातून पुढं सोडलं होतं, आणि चराकाठी एकाची पडीक जमीन होती. मामांच्या बायकोनं, केसरबाईंनी, त्यातला एक तुकडा वाट्यानं घेतला होता. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर वाढीला लागलेलं. त्या दिवसांत विहिरी आटलेल्या, टँकरवर सगळं चाललेलं. मुक्ता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, सातवा महिना होता. “तिला हिरवं खायला घाला म्हणतीया डॉक्टरीण,” मामा म्हणाले. “चराचं पाणी भाजीला सोडू का? तुमचा कागुद काय म्हणतोय?”

अहवाल इंग्रजीत असायचा, म्हणून त्यांना वाचून दाखवावा लागे. मी वाचून दाखवला. आढळले नाहीत. आढळले नाहीत. आढळले नाहीत. मला त्या वेळी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, ‘मामा, अजून थोडे दिवस थांबा.’ कारणही सांगावं लागलं नसतं. मी घाबरलो... मिठाची गोष्ट निघेल म्हणून घाबरलो. “घ्या,” मी म्हणालो, “चांगलं आहे पाणी.” मामा उठले, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आठवड्याभरानं त्यांनी मला कागदात गुंडाळून मुळ्याच्या दोन जुड्या आणून दिल्या. मी त्या घरी नेल्या नाहीत. वाटेत टाकल्या. म्हणजे मला माहीत होतं.

पाचव्या सोमवारी मामा कामावर आले नाहीत. मुक्ताला चार दिवस ताप होता, उतरत नव्हता, सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी संध्याकाळी गेलो. बाहेरच्या व्हरांड्यात मामा पायऱ्यांवर बसले होते, हातात स्टीलचा डबा. “टायफाट म्हणत्यात,” ते म्हणाले. मी आत जाऊन मुक्ताला बघितलं. ओठ वाळलेले, डोळे अर्धे उघडे, एक हात पोटावर. केसरबाई तिच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, “ह्ये सगळं ठीक होईल का, भाऊ?” मी बाहेर आलो, गाडी काढली आणि सरळ गुलमंडीकडं गेलो. तिथं एक जुना फोटो स्टुडिओ होता, तो चालवणारे चाचा एकटेच बसलेले. मी हायपो मागितलं.

“अब कौन फोटू धोता, भाई?” ते म्हणाले. “सब कंप्यूटरपर हो गया. तुमको कायको होना?”

“पाण्यासाठी.”

“पानी का फोटू निकालते क्या?” ते हसले आणि मागून अर्धी पिशवी घेऊन आले. पैसे घेतले नाहीत. इतकं सोपं होतं ते. चार आठवडे त्या दुकानात पडून होतं, गाडीवर दहा मिनिटांच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांचा बर्फाचा डबा घेऊन स्वतः त्या केंद्रावर गेलो. दोन बाटल्या नेल्या. एकीत मीठ, एकीत नाही. दोन्ही एकाच तोटीखाली, एकामागोमाग भरल्या. परत येऊन लावल्या, आणि मग वाट बघणं सुरू झालं. जंतू घाई करत नाहीत. आधी एक दिवस त्यांना अन्न देऊन वाढवायचं, मग काचेच्या ताटलीत पसरायचं, मग आणखी एक दिवस. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. पेटीचं दार दर तासाला उघडावंसं वाटायचं, आणि उघडलं तर ऊब जाईल म्हणून हात मागं घ्यायचो. दवाखान्यातून फोन येईल म्हणून फोनकडं बघायचो. जेवण जात नव्हतं. बायकोनं विचारलं, काय झालंय, तर म्हणालो कामाचा ताण आहे. मनात एकच प्रार्थना होती, आणि ती मुक्ता बरी होऊ दे अशी नव्हती. दोन्ही ताटल्या कोऱ्या निघू देत, अशी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडली. बिनमिठाच्या बाटलीची ताटली कोरी होती. मिठाच्या बाटलीची ताटली भरलेली होती... लालसर थरावर काळ्या बुबुळाचे ठिपके, शेकडो, जणू मेलेल्या माशांचे डोळे एकदम माझ्याकडं बघताहेत. टायफॉइडच्या घराण्यातले जंतू या थरावर असेच दिसतात. पुढच्या तपासण्या केल्या, त्यांनीही तेच सांगितलं. मी दार लावून जमिनीवर बसलो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुक्ताचा ताप त्याच पाण्यातून आला, हे मला सिद्ध करता येत नाही. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानंही येतो, बाहेरच्या खाण्यानंही येतो. नाही आला, हेही मला सिद्ध करता येत नाही. गेली सोळा वर्षं मी या दोन वाक्यांच्या मधे राहतो आहे.

मी दवाखान्यात गेलो आणि मामांना सांगितलं, “मामा, वसाहतीचं पाणी बिघडलंय आता. चरावरची भाजी उपटून टाका. कुणालाच खाऊ देऊ नका.” त्यांनी फक्त मान डोलावली. मालकांना सांगितलं, केंद्रात या आठवड्यात बिघाड दिसतोय. त्यांनी वसाहतीला कळवलं, तिथं क्लोरीनची मात्रा आणि वेळ वाढवली, चराला कुंपण घातलं. नवा अहवाल खरा होता. जुने चार अहवाल फायलीत तसेच राहिले, माझ्या सहीचे. कुणी विचारलं नाही. मुक्ताचा ताप उतरला, पण दवाखान्यातल्या आठव्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. फार लहान होती. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मामांनी ते एवढंसं गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं होतं, तेव्हा मी दाराशी उभा होतो. पुढं झालो नाही.

पंधरा दिवसांनी ते कामावर आले. मी लाल दोऱ्याची बाटली त्यांच्यासमोर ठेवली. आता तिच्यात मीठ होतं. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, फिरवली... आणि यावेळी काहीच बोलले नाहीत. डब्यात ठेवली आणि गेले. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत, दर सोमवारी, दर वेळी, हेच. बाटली उजेडात धरायची, बघायचं, गप्प राहायचं. ती काही क्षणांची शांतता मला दर आठवड्याला भोगावी लागायची. मी ती भीती इतकी नीट ओळखतो की आजही सोमवारी सकाळी माझे तळहात ओले होतात. ते बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, मालकांकडं गेले असते, तर बरं झालं असतं असं मला अनेकदा वाटलं. पण ते जंतूंना जित्राबं म्हणत राहिले, वीस मेंढरं मोजत हात धूत राहिले. फक्त माझ्या भित्रेपणावर त्यांनी पुन्हा कधी विनोद केला नाही. तीन वर्षांनी निवृत्त झाल्यावर ते केसरबाईंना घेऊन पिशोरला परत गेले. जाताना मला म्हणाले, “येत जा कधी.” मी एकदाही गेलो नाही.

तेराव्याला गेलो. कन्नडच्या पुढं रस्ता मला नीट माहीतही नव्हता. अंगणात मांडव, बाहेर पाचपन्नास माणसं, पंगतीची तयारी चाललेली. मी ठरवूनच आलो होतो की नमस्कार करायचा आणि जेवून निघायचं. पण मुक्तानं मला ओसरीवर बाजूला बसवलं. ती आता दोन मुलांची आई आहे, केस पुढून पांढरे झालेत.

“काका, तुम्हाला एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “बाबा असताना विचारलं नाही, त्यांना त्रास झाला असता.”

माझ्या कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला.

“बाबांच्या मनात एक बसलं होतं. आईला त्यांनी त्याच वर्षी सांगितलं, मला नंतर. पाणी आणायच्या बाटलीत काही मीठ असतं म्हणे. ते त्या वेळी नव्हतं. बाबा म्हणायचे, मला दिसलं होतं, मीठ नव्हतं. सायबाच्या ध्यानात नव्हतं, पर मला दिसलं होतं, अन् तरी म्या बाटली भरली. म्या हट्ट धरून बसाया पायजे व्हतं. म्या माज्या हातानं पोरीला त्ये खाऊ घातलं...” ती थांबली. “माझ्या पुढच्या दोन्ही बाळंतपणांत ते इथं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून असायचे. सगळ्यांचं पाणी उकळतंय की नाही ते बघत. लोक हसायचे. मुलं मोठी झाली तरी उठले नाहीत तिथनं. जेवण तिथं, चहा तिथं. गेले तेसुद्धा तिथंच. मला एवढंच सांगा काका, त्यांची चूक होती का?”

घरी सांगताना मामांनी माझं ‘नवी पद्धत आलीय’ हे उत्तर गाळलं होतं. माझं खोटं त्यांनी घरात येऊ दिलं नव्हतं. सोळा वर्षं मी ज्या शांततेला घाबरत होतो ती माझ्यावर आरोप करणारी शांतता नव्हती. ते बाटलीत माझी चूक बघत नव्हते. स्वतःची बघत होते. आणि मला ती एका वाक्यात त्यांच्या अंगावरून उतरवता आली असती, कुठल्याही सोमवारी.

मी मुक्ताला सगळं सांगितलं. मीठ कसं संपलं, मी काय बोललो, त्यांनी दोऱ्याबद्दल काय विचारलं, मुळ्याच्या जुड्या कुठं टाकल्या. ती ऐकत होती, माझ्याकडं न बघता. बाहेर पंगतीत पत्रावळी मांडत होते.

“हे त्यांना सांगायचं होतं, काका,” ती म्हणाली. आवाज चढला नाही. “मला सांगून काय करू मी?” मग उठली. “आई आत आहे. तिला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. कमी ऐकू येतं तिला, जवळ बसा.”

मला पळून जावंसं वाटलं. खरंच, गाडी मांडवाच्या बाहेरच होती. केसरबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोनचार बायका शेजारी. मी समोर बसलो, पुढं वाकलो आणि हळू आवाजात सांगितलं.

“काय?” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. शेजारच्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

“काय कळंना बाबा. मोठ्यानं बोल.”

मी मान वर केली आणि जेवढा आवाज निघेल तेवढा काढून बोललो. “बाटलीत मीठ घालायचं काम माझं होतं. मी घातलं नाही. मामांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. पाणी चांगलं आहे असं मीच सांगितलं. मामांची काही चूक नव्हती.”

मांडवातला आवाज थांबला. पत्रावळी मांडणारा माणूस दारातून आत बघत होता, त्याच्यामागं आणखी काही जण. मला वाटलं, आता कुणीतरी माझी गचांडी धरेल, आणि तसं झालं असतं तर मी हललो नसतो. केसरबाईंनी पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता की नव्हता, मला अजूनही ठरवता येत नाही.

“मला पयल्यांदाच ऐकू आलं व्हतं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी हात उचलला आणि माझ्या पाठीमागं, पलीकडच्या स्वयंपाकघराच्या रिकाम्या उंबऱ्याकडं दाखवलं.

“त्ये तिथं बसायचे. आवाज तिथवर जायाला पायजे व्हता.”